मोडून पाहण्याची मुभा

प्रोग्रामिंग हा गंभीर विषय आहे, तो खेळातून शिकवू नये. अगदीच हौस असेल तर ब्राउझरमध्ये रंगीत ठोकळे हलवू द्यावेत. आणि कंटेनर, सर्व्हर, पोर्ट ही नोकरीला लागल्यानंतरची प्रकरणं आहेत, ती पोरांच्या वाटेला आणू नयेत. इंदुरात शिक्षणाविषयी बोलणाऱ्या माणसांत, म्हणजे जवळपास सगळ्याच माणसांत, हे मत इतकं रुळलं आहे की त्याला आता कोणी मत म्हणत नाही. भंवरकुआँचे क्लासवाले तेच सांगतात, आपल्या मराठी मंडळींतले निवृत्त प्राध्यापक तेच सांगतात. खजरान्याच्या वस्तीचा विषय निघाला की त्याला एक पुस्तीही जोडली जाते: "भिया, तिथल्या पोरांना आधी टायपिंग तर येऊ दे." मला हे मत तिन्ही अंगांनी चूक वाटतं, आणि पुस्ती सगळ्यात जास्त.

रुळलेल्या मतावर किती विसंबावं याचा नमुना खजरान्यातच उभा आहे. तिथलं गणेश मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७३५ साली बांधलं, असं सर्रास छापलं आणि सांगितलं जातं. अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा, १७२५ चा. होळकरांच्या राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला १७६७ मध्ये. दहा वर्षांच्या मुलीने मंदिर बांधलं असं म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही. मंदिराचं अहिल्याबाईंशी नातं नाही असं मी म्हणत नाही. माझा वाद सालाशी आहे. विधान करायचं आणि ते टिकतं का हे तपासायचं, ही सवय प्रोग्रामिंगमुळे लागते म्हणतात. ती आधी प्रोग्रामिंगविषयीच्या मतांनाच लावून पाहू.

पूर्वपक्ष त्याच्या कैवाऱ्यांनी मांडला असता त्याहून दुबळा मांडू नये, हा खंडन-मंडनाचा जुना दंडक. इथे तर तो अधिक बळकट करून मांडावा लागेल, कारण इंदुरात जे नुसतं ठासून सांगितलं जातं त्याच्यामागे खरोखरच पुरावा आहे, फक्त तो सांगणाऱ्यांच्या गावी नसतो. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फ्युर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. कासवाला आज्ञा द्यायच्या आणि त्याने चित्र काढायचं. १९८० साली पॅपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' आलं आणि मुलं प्रोग्रामिंगमधून विचार करायला शिकतील, ही आशा जगभर पसरली. चारच वर्षांनी रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासांतून दाखवलं की लोगो शिकलेली मुलं बाहेरच्या कामांची आखणी करण्यात इतरांहून सरस ठरत नाहीत. त्याआधी १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक साधा प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. बक्षीस संपल्यावर त्यांची आवड आधीपेक्षा घटलेली दिसली. म्हणजे गुण, बिल्ले आणि पातळ्या लावून शिकवणाऱ्या ॲपना हा थेट इशारा होता. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा गाजलेला लेख आला: नवशिक्याला मोकळं सोडून दिलं की त्याच्या कार्यस्मृतीवर इतका भार पडतो की शिकणं राहूनच जातं. आणि त्याच वर्षी आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने निकोलस निग्रोपाँटे यांची 'दर मुलाला एक लॅपटॉप' ही योजना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली. मंत्रालय फार चुकलं असंही म्हणता येत नाही. पेरू देशाने ती योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि २०१२ मध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक नाही.

यात कंटेनरची, म्हणजे यंत्रातल्या बंद खोलीची, भर घाला. खेळाचा भार, भाषेचा भार, त्यावर इमेज, व्हॉल्यूम आणि पोर्ट यांचा भार. पूर्वपक्ष इथे संपतो, आणि तो मला हलका वाटत नाही.

पुरावे मला मान्य आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पी आणि कर्लंड यांनी जी मुलं पाहिली त्यांना लोगो दिली गेली होती आणि विचार आपोआप सुधारेल अशी वाट पाहिली गेली होती. १९८८ मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वाट पाहिली नाही. चूक कशी शोधायची, आधी काय व्हायला हवं होतं ते सांगा, मग काय झालं ते पाहा, मग दोन्हींतला फरक कुठून आला असेल याचा अंदाज करा, हे त्यांनी मुलांना पायरीपायरीने शिकवलं. ती मुलं नंतर संगणकाशी संबंध नसलेल्या लिखित सूचनांमधल्या चुकाही अधिक चांगल्या शोधू लागली. तेव्हा प्रोग्रामिंगमधून बाहेर नेता येईल असं काही असेल तर ते चूक शोधण्यात आहे. लेपर यांचा प्रयोगही बक्षिसाविरुद्ध आहे, खेळाविरुद्ध नाही. खेळातल्या ज्या जगात दगड ठेवला की तो दिसतो आणि चुकीचा आकडा लिहिला की भिंत आडवी होते, त्या जगाला बिल्ल्यांची गरज पडत नाही. हे दोन धागे नीट धरले तर प्रश्न बदलतो. मुलाने भरपूर चुका कराव्यात, त्या डोळ्यांना दिसाव्यात आणि त्या शोधायला कोणी शिकवावं, अशी जागा कुठे मिळेल?

ती जागा घरचा लॅपटॉप नाही. खजराना म्हणजे गणपतीच्या दर्शनाची रांग आणि नाहरशाह वली दर्गा यांच्या मधल्या, दोन स्कूटी समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागेल अशा गल्ल्या. तिथल्या ज्या घरात संगणक असतो तिथे बहुधा एकच असतो, तोही जुना घेतलेला. त्यावर मोठ्या भावाची कॉलेजची कामं असतात, अब्बांच्या दुकानाची बिलं असतात, लग्नाचे फोटो असतात. अशा यंत्रासमोर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला पहिली सूचना मिळते ती "कुछ बिगाड़ना मत" ही. मराठी घरांतही शब्द बदलतात, सूचना तीच. आणि मग आपण म्हणतो, हिला प्रयोग करण्याची वृत्ती नाही! पाटीवर लिहिणारं मूल खोडायला भीत नाही, वहीत लिहिणारं भीतं. आपण मुलांच्या हाती घरातली एकुलती एक वही देतो आणि गिचमिड केली म्हणून रागावतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: खेळ आणि कंटेनर या दोन गोष्टी एकमेकींवर चढवलेला दुहेरी भार नाहीत, ती एकच कल्पना आहे. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळाची लक्षणं सांगितली त्यांत हे एक होतं, की खेळाला आखलेली हद्द असते, आणि आत जे घडतं ते नेहमीच्या व्यवहाराबाहेरचं असतं. कंटेनर हीच हद्द यंत्रात आखतो. आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःच्या फाइली दिसतात, स्वतःच्याच प्रक्रिया दिसतात. भावाचं सबमिशन आणि लग्नाचे फोटो त्याच्या जगातच नसतात. बिघडलं तर टाकून द्यायचं आणि त्याच इमेजवरून, म्हणजे मूळ साच्यावरून, पुन्हा उभं करायचं. खेळणारा मेला की पुन्हा जन्मतो, यात खेळाचा जीव आहे. शिकण्याच्या यंत्रालाही तो पुनर्जन्म हवा.

ही गोष्ट आपल्याकडे प्राध्यापकांच्या आधी सायबर कॅफेवाल्यांना कळली होती. वीसेक वर्षांपूर्वीच्या कॅफेंमध्ये डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं असे. गिऱ्हाइकाने दिवसभर काहीही करावं, यंत्र बंद करून चालू केलं की सकाळी होतं तसं. फरक इतकाच की तिथे मालकाला गिऱ्हाइकापासून वाचवायचं होतं. इथे शिकणाऱ्याला भीतीपासून वाचवायचं आहे, आणि त्यासाठी यंत्र गोठवून भागत नाही. काय उरावं आणि काय पुसलं जावं हे शिकणाऱ्यालाच ठरवता यायला हवं.

"पण मुलांना कंटेनर कशाला" असं विचारणाऱ्यांना सांगण्याजोगी एक गंमत आहे. कंटेनर चालवणारा डॉकर जगासमोर आला मार्च २०१३ मध्ये, पायकॉन परिषदेतल्या सॉलोमन हाइक्स यांच्या पाच मिनिटांच्या भाषणात. त्याच्या मुळाशी असलेल्या युक्त्या जुन्या: युनिक्समधला चेंजरूट १९७९ चा, लिनक्सच्या गाभ्यातले सीग्रुप्स जानेवारी २००८ चे. पण चेंजरूट आणि डॉकर या दोन टोकांच्या मधे, फेब्रुवारी २००७ मध्ये, 'दर मुलाला एक लॅपटॉप' योजनेसाठी इव्हान क्रस्टिच यांनी बिटफ्रॉस्ट नावाचा सुरक्षेचा आराखडा लिहिला. त्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद खोलीत चालावा असं ठरलं होतं, ते मुलाने कुठूनही आणलेला, मित्राने लिहिलेला प्रोग्रॅम बिनधास्त चालवून पाहावा म्हणून. यंत्र मुलासाठी कुलूपबंद करायचं नाही, हे तत्त्व त्याच कागदात होतं. त्या लॅपटॉपच्या की-बोर्डवर चालू प्रोग्रॅमचा कोड दाखवणारी कळही होती. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात उतरलं नाही. मंत्रालयाने नाकारलेले ते लॅपटॉप आपल्या कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेपर्यंत पोहोचले, हे आता फारसं कोणाला आठवत नाही. योजना फसली, पण मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरखोल्यांत डॉकरचा गाजावाजा होण्याच्या सहा वर्षं आधी ही युक्ती मुलांसाठीच लिहून ठेवलेली होती. तेव्हा ही मोठ्यांची भानगड आहे हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी, कारण भाराचा आक्षेप हवेत सोडवता येत नाही. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो, त्याला खातं लागतं; म्हणून लुआंटी घ्यावा. फिनलंडच्या पेर्टू अहोलाने २०१० मध्ये सुरू केलेला, २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखला जाणारा हा मुक्त प्रकल्प तसंच ठोकळ्यांचं जग देतो, आणि जुन्या यंत्रांवरही चालतो. त्यातली सोय अशी की नवे ठोकळे आणि नवे नियम लिहिणारा कोड, ज्याला मॉड म्हणतात, तो सर्व्हरवर चालतो. भाषा लुआ, १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओत जन्मलेली, लहानशी. म्हणून विभागणी कुठे करायची ते आयतंच ठरतं: सर्व्हर कंटेनरमध्ये, खेळाचा पडदा बाहेर, नेहमीच्या यंत्रावर. खेळाची खिडकीसुद्धा कंटेनरात कोंबायचा हट्ट धरणारे ग्राफिक्सच्या जंजाळात अडकतात आणि मग दोष कंटेनरला देतात.

खजरान्यासारख्या वस्तीतल्या वर्गात एक बरं यंत्र मधोमध ठेवावं. त्यावर दर विद्यार्थ्यामागे एक कंटेनर, प्रत्येकाला मेमरीची मर्यादा घालून दिलेली. बाकी यंत्रं कितीही जुनी असोत, ती फक्त पडदा दाखवतात. इमेज एकदा उतरवायची, फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवायची. डेटा पॅकवर चालणाऱ्या घरांत ती पेनड्राइव्ह फिरते. मॉडचं फोल्डर बाहेरून जोडलेलं, म्हणजे मूल साध्या एडिटरमध्ये लिहील. जग वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर टाकला तरी उरणाऱ्या जागेत. पहिल्या दिवशी हे सगळं शिक्षकाने मांडून द्यावं. माझ्याच बाजूचे काही उत्साही लोक मुलांना आधी डॉकर शिकवू म्हणतात, त्यांच्याशीही माझं जमत नाही. कर्शनर आणि मंडळींचा लेख त्यांनी जरूर वाचावा. पहिल्या दिवशी मुलाला एकच फाइल दिसली पाहिजे, आणि तिच्यात एक आकडा बदलला की गवत निळं झालं पाहिजे.

मग दुसऱ्या महिन्यात कधीतरी त्या हद्दीच्या भिंतीही अभ्यासाचा विषय होतात. पाच मुलांचे पाच सर्व्हर. आत प्रत्येकाचा पोर्ट ३००००, बाहेर मात्र ३०००१ ते ३०००५. एकाच क्रमांकाच्या पाच खोल्या कशा असू शकतात, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. किंवा ही चूक घ्या, जी नवख्याच्या हातून हटकून होते: कंटेनर सुरू करताना पोर्ट लिहिला पण त्यामागे यूडीपी (खेळ ज्या पद्धतीने बोलतो ती) लिहायचं राहिलं. डॉकर अशा वेळी मुकाट टीसीपी ही दुसरी पद्धत धरून चालतो. सर्व्हर सुरू आहे, लॉगमध्ये एकही एरर नाही, आपण ऐकत आहोत असं तो सांगतोही; आणि खेळ मात्र जोडायला जातो तो शेवटी थकून थांबतो. सगळं बरोबर दिसतं आणि काम होत नाही. क्लार आणि कार्व्हर यांच्या पायऱ्या वापरायला याहून सुरेख चूक कोणी मुद्दाम रचली तरी सापडणार नाही. ब्राउझरमधले रंगीत ठोकळे ही चूक देऊच शकत नाहीत, कारण प्रोग्रॅम कुठे राहतो आणि बाहेरच्याशी कसा बोलतो हे तिथे मुलापासून दडवलेलं असतं. ठोकळे जोडून लिहायच्या स्क्रॅचवर माझा राग नाही. २००७ पासून त्याने मुलांना तर्काची मांडणी शिकवली आहे, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी तेच देईन. पण तिथेच थांबलेलं मूल पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इन्स्टॉलेशनपाशी अडखळतं, आणि आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही अशी समजूत करून घेतं.

एक आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यांत शहाणा आहे. मोडलं तरी फुकट, पुसलं तरी फुकट. मग मूल बेफिकीर नाही का होणार? परिणामच नसेल तर जबाबदारी येणार कुठून? पण कंटेनर परिणाम नाहीसा करत नाही, तो बेताचा करतो. ज्याने आपलं जग व्हॉल्यूममध्ये ठेवलं नाही आणि कंटेनर काढून टाकला, त्याचा तीन आठवडे बांधलेला किल्ला खरोखर जातो. रडू येण्याइतका जातो. पण अब्बांची बिलं जात नाहीत. काय जपायचं हे आधी ठरवावं लागतं, ते आपोआप होत नाही, हे बारा वर्षांच्या मुलीला किल्ल्याच्या किमतीत कळलं तर सौदा स्वस्तच म्हणायचा. बँकेत प्रोग्रामर म्हणून लागल्यावर तेच कळणं बरंच महाग पडतं.

माझ्या पक्षाच्या मर्यादाही इथेच सांगून टाकतो, नाहीतर पूर्वपक्षवाले त्या सांगतीलच. कंटेनर म्हणजे अभेद्य तटबंदी नाही. सगळे कंटेनर यजमान यंत्राचाच गाभा वापरतात, आणि लिनक्सवर डॉकरच्या गटात ज्याला घेतलं त्याला एका अर्थी मालकी हक्कच दिला. मधल्या यंत्रावर मुलांना तो देऊ नये, किंवा विशेष अधिकारांशिवाय चालणारा पॉडमन वापरावा. विंडोजवर तर हे सगळं आणखी एका आभासी यंत्राच्या आत चालतं, आणि चार जीबी मेमरीचा लॅपटॉप त्या ओझ्याखाली धापा टाकतो. ज्या घरात तेवढं एकच यंत्र आहे आणि मधलं यंत्र ठेवायला वर्ग नाही, तिथे माझी मांडणी लागू पडत नाही. आणि परीक्षेत याचे गुण मिळत नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांतून कोडिंगचं नाव घेतलं असलं तरी प्रश्नपत्रिका व्याख्याच विचारतात.

राहिली टायपिंगची पुस्ती. खजरान्यातली पोरं मोबाइलवर ज्या वेगाने रोमन लिपीत हिंदी लिहितात तो वेग पाहिला तर त्यांना अक्षरं सापडत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. सापडत नाही तो अंडरस्कोअर, आणि महिरपी कंस. ते सापडायला टायपिंगचा सहा महिन्यांचा कोर्स लागत नाही, ते टाइप करण्याचं कारण लागतं. इंग्रजी एररची भीतीही बाऊ करण्याइतकी नाही. लुआची एरर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक सांगते, आणि त्या दोन गोष्टी वाचायला इंग्रजी यावं लागत नाही.

तुटवडा खरा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. १९८४ च्या आणि १९८८ च्या अभ्यासांत भाषा सारखीच होती. फरक होता तो चूक शोधायला शिकवणाऱ्या माणसाचा. पेरूतही लॅपटॉप पोहोचले, तो माणूस पोहोचला नाही. तेव्हा वर्ग काढायचा तर आधी त्याला शोधा. त्याला डॉकर आलं नाही तरी चालेल, इमेज कोणीतरी करून देईल. त्याला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: "लॉग काय म्हणतो, वाच," असं दर वेळी न कंटाळता म्हणणं, आणि मुलाच्या की-बोर्डला स्वतः हात न लावणं. यातली दुसरी जास्त अवघड आहे.